मैदान आमच्या लेकींचेही आहे!

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादच्या, कुठल्याही वस्तीत जाऊन विचारा. क्रिकेट ठाऊक नाही असे एक पोर सापडायचे नाही. कबड्डी आणि खो-खो तर म्हाताऱ्या माणसांनाही माहीत. पण एखादी मुलगी घरी येऊन म्हणाली की, "आई, मला कॉलेजच्या सॉफ्टबॉलच्या संघात घेतलंय," तर आई विचारते, "हे आणि काय काढलंस बाई? त्याचा उपयोग काय?"

या प्रश्नावर आम्हांला राग येत नाही. पहाटेच्या पाळीला सायकल काढणारा बाप आणि चार घरची धुणीभांडी करून पोरीची फी भरणारी आई यांनी प्रत्येक रुपयाचा आणि प्रत्येक तासाचा उपयोग विचारलाच पाहिजे. त्यांनी तो विचारला म्हणून तर आपली मुले शिकली. तेव्हा या प्रश्नाला नीट, उदाहरणासह उत्तर द्यावे म्हणून आज आम्ही वाचकांना जरा दूरची गोष्ट सांगणार आहोत. ही गोष्ट अमेरिकेतल्या एका कॉलेजची आणि तिथल्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींची आहे. गोष्ट दूरची असली तरी परकी नाही, हे वाचता वाचता आपल्या ध्यानात येईल.

खेळ आहे तरी कसा?

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात थंडीच्या दिवसांत काही तरुण एका क्लबात बसले होते. कुणीतरी मुष्टियुद्धाचा जुना हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने तो मोजा दोरीने करकचून बांधला, त्याचा चेंडू केला आणि खोलीतच खेळ मांडला. हाच सॉफ्टबॉलचा जन्म. म्हणजे एक फाटका मोजा आणि एक काठी एवढ्या भांडवलावर हा खेळ उभा राहिला. पुढे तो मैदानावर आला, आणि 'सॉफ्टबॉल' हे नाव त्याला १९२६ साली मिळाले.

नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ असतात आणि सात डाव होतात. चेंडूचा घेर बारा इंच. नाव 'सॉफ्ट' असले तरी चेंडू चांगला टणक असतो, अंगावर बसला तर दोन दिवस काळानिळा डाग राहतो. चेंडू टाकणारीला पिचर म्हणतात. तिने हात खालून फिरवूनच चेंडू टाकायचा, क्रिकेटसारखा डोक्यावरून नाही. फटका मारणारीने बॅट टाकून पळायचे. साठ-साठ फुटांवर ठेवलेले तीन 'बेस' पार करून परत 'होम'वर आली की एक धाव. चेंडू सीमेपार गेला तर होमरन. ताकद लागते, पण त्याहून जास्त नजर, पाय आणि डोके लागते.

आपल्या देशात या खेळाची संघटना १९६१ साली जोधपूरला स्थापन झाली. महाराष्ट्रात तो शाळा-कॉलेजांतून रुजला. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातही मुली सॉफ्टबॉल खेळत आल्या आहेत. म्हणजे हा खेळ आपल्या दारापर्यंत आलेला आहे, फक्त उंबरठा ओलांडायचा बाकी आहे.

ज्या कॉलेजची ही गोष्ट

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिस शहरात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एक मोठे केंद्र आहे. त्याला सगळे 'यूसीएलए' म्हणतात. ते सरकारी विद्यापीठ आहे. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये या एका कॉलेजने १९७८ पासून २०१९ पर्यंत तेरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.

पण मुलींच्या आधी या कॉलेजच्या एका मुलाची ओळख करून दिली पाहिजे. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन. काळ्या, निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजातला हा मुलगा. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले आणि आई लोकांच्या घरी मोलकरीण. लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेना गावात ते राहत. त्या गावातल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात काळ्या लोकांना आठवड्यातून फक्त एक दिवस उतरता येत असे, आणि तो दिवस संपला की तलावाचे सगळे पाणी काढून टाकून तो पुन्हा भरत. महाडचे चवदार तळे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि नंतर सनातन्यांनी घागरी ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. त्याच काळात सात समुद्रांपलीकडे दुसऱ्या एका समाजाच्या अंगाला लागलेले पाणी असेच फेकून दिले जात होते.

जॅकीचा थोरला भाऊ मॅक रॉबिन्सन १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर धावला आणि जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ दुसरा आला. ऑलिंपिकचे रौप्यपदक घेऊन तो गावी परतला. गावाने त्याला काय काम दिले? रस्ते झाडण्याचे! पदकाने कातडीचा रंग पुसला नाही.

धाकटा जॅकी १९३९ साली यूसीएलएमध्ये दाखल झाला आणि चार वेगवेगळ्या खेळांत कॉलेजच्या मुख्य संघातून खेळणारा तिथला पहिला विद्यार्थी ठरला. पुढे १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनच्या संघातून बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये उतरला आणि गोऱ्यांनी तोवर साठेक वर्षे बंद ठेवलेले दार उघडले. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ पासून त्या लीगमध्ये सन्मान म्हणून राखून ठेवलेला आहे. त्याच्या कॉलेजनेही २०१४ मध्ये सर्व खेळांसाठी तो क्रमांक राखला.

कायद्याने उघडलेले दार

जॅकीने दार उघडले ते पुरुषांसाठी. मुलींचे काय? १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या खेळाला पैसा नव्हता, शिष्यवृत्ती नव्हती, नीट मैदान नव्हते. मुलांचा सराव संपला की उरलेली जागा मुलींची, अशी रीत होती.

ही रीत मोडली ती कायद्याने. २३ जून १९७२ रोजी तिकडे 'टायटल नाइन' नावाचा कायदा मंजूर झाला. जी शिक्षणसंस्था केंद्र सरकारचा पैसा घेते तिला मुलगी म्हणून कुणाला वगळता येणार नाही, असे त्यात थोडक्यात म्हटले आहे. या कायद्यामागे ज्यांचे कष्ट होते त्यांत पॅट्सी मिंक हे नाव मोठे आहे. जपानी वंशाच्या या बाईंना डॉक्टर व्हायचे होते, पण बाई म्हणून वैद्यकीय कॉलेजांनी प्रवेश नाकारला. त्या वकील झाल्या, संसदेत गेल्या, आणि आपल्या वाट्याला जे आले ते पुढच्या मुलींच्या वाट्याला येऊ नये म्हणून कायदा करून घेतला. २००२ साली त्यांचे निधन झाल्यावर या कायद्याला त्यांचे नाव देण्यात आले.

परिणाम आकड्यांतच पाहा. कायदा झाला तेव्हा अमेरिकेतल्या हायस्कुलांत तीन लाखांहून कमी मुली शाळेच्या संघांतून खेळत होत्या. २०१८-१९ मध्ये ही संख्या चौतीस लाखांच्या घरात गेली. त्या मुलींच्या अंगात ताकद काही १९७२ नंतर आली नाही. ती आधीही होती, फक्त दार बंद होते. बाबासाहेबांनी हक्क कायद्यात लिहून घेण्याचा आग्रह का धरला, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. लोकांच्या चांगुलपणावर मिळालेली गोष्ट लोक कधीही काढून घेतात. कायद्याने मिळालेली गोष्ट मागता येते.

"केस काप आणि बॉब हो!"

यूसीएलएचा मुलींचा सॉफ्टबॉल संघ १९७५ साली उभा राहिला. शॅरन बॅकस या प्रशिक्षक होत्या. तीनच वर्षांत, १९७८ ला, संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या संघात स्यू एन्क्विस्ट नावाची मुलगी होती. पुढे तीच या संघाची प्रशिक्षक झाली आणि २००६ पर्यंत तिने पिढ्या घडवल्या.

१९८२ साली राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने मुलींच्या सॉफ्टबॉलची पहिली स्पर्धा भरवली. पहिलाच चषक यूसीएलएने नेला. डेबी डूम ही उंच, वेगवान पिचर त्या संघात होती. तिच्या चार वर्षांत संघ तीनदा विजेता झाला. आणि त्याच पहिल्या संघात होती डॉट रिचर्डसन.

डॉटची गोष्ट प्रत्येक आईने मुलीला सांगावी अशी आहे. ती दहा वर्षांची असताना भावाला चेंडू टाकून सराव देत होती. मुलांच्या संघाचा प्रशिक्षक तिचा हात पाहून खूश झाला. म्हणाला, आमच्या संघात ये, पण एक अट आहे. केस बारीक काप, आम्ही तुला 'बॉब' म्हणू. म्हणजे मुलगा होऊन खेळ! त्या दहा वर्षांच्या पोरीने सांगितले, नको. स्वतःला लपवून मिळणारी जागा तिला नको होती. थोड्याच दिवसांत तिला बायकांच्या संघात जागा मिळाली, आणि तेराव्या वर्षी ती मोठ्या बायकांच्या राष्ट्रीय पातळीच्या लीगमध्ये खेळू लागली.

पुढे ती यूसीएलएत आली, विजेती झाली आणि ऐंशीच्या दशकातली सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू म्हणून तिची निवड झाली. पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. खेळ चालू ठेवून ती डॉक्टर झाली, हाडांची सर्जन. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला तेव्हा डॉट चौतीस वर्षांची होती. अंतिम सामन्यात चीनविरुद्ध तिने मारलेल्या होमरनने दोन धावा आल्या आणि अमेरिकेने ३-१ असा सामना जिंकला. गळ्यात सुवर्णपदक पडल्यावर ती लगेच परत गेली ती लॉस एंजेलिसच्या सरकारी इस्पितळात, कामावर! २००० साली सिडनीला तिने दुसरे सुवर्णपदक घेतले. तिच्याच काळात कॉलेजातून खेळलेली शीला कॉर्नेल हीसुद्धा त्या दोन्ही सुवर्णविजेत्या संघांत होती आणि तीही फिजिओथेरपिस्ट झाली.

"खेळली तर अभ्यास बुडेल," असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे एवढे लक्षात ठेवावे.

आखूड हातांची मुलगी

आता लिसा फर्नांडिस. वडील क्यूबातून आलेले, आई पोर्टो रिकोची. लॅटिन वंशाचे, परक्या देशात येऊन कष्टाने उभे राहिलेले कुटुंब. लिसाने आठ वर्षांची असताना पहिल्यांदा सामन्यात चेंडू टाकला आणि तिचा संघ वीसहून अधिक धावांनी हरला. चेंडू जागेवर पडेना, समोरच्या मुलींच्या अंगावर जाई. घरी आल्यावर आईने "बस्स झाले" म्हटले नाही. आईच अंगणात तिचा चेंडू झेलायला बसू लागली.

बाराव्या वर्षी एका प्रशिक्षकाने तिला सांगितले की, तुझे हात आखूड आहेत, अंगाची ठेवण पिचरची नाही, तू यात मोठी होणार नाहीस. आपल्या पोरांना असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या रक्तात नाही, तुमच्या घराण्यात नाही, तुमचे काम नाही! लिसाने त्याला उत्तर तोंडाने दिले नाही. १९९० ते १९९३ या चार वर्षांत यूसीएलएकडून पिचर म्हणून तिने ९३ सामने जिंकले आणि फक्त ७ हरले. संघ दोनदा राष्ट्रीय विजेता झाला. १९९३ साली तर ती चेंडू टाकण्यातही देशात पहिली आणि फटके मारण्यातही देशात पहिली! या खेळात दहा संधींत तीनदा जमले तरी खेळाडू चांगला समजतात. लिसाला त्या वर्षी दोन संधींत एकदा जमत होते. आणि तिच्या चेंडूंवर समोरच्या संघाला चार सामने मिळून जेमतेम एक धाव मिळत होती. देशातल्या सर्व खेळांतून एका महाविद्यालयीन महिला खेळाडूला मिळणारा होंडा-ब्रॉडरिक चषक त्या वर्षी तिला मिळाला. सॉफ्टबॉल खेळणारीला तो प्रथमच मिळत होता.

१९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके तिच्याकडे आहेत. पण आम्हांला तिची सिडनीतली हार जास्त मोलाची वाटते. सलग शंभरहून अधिक सामने जिंकलेला अमेरिकेचा संघ तिथे लागोपाठ तीन सामने हरला. त्यांतल्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात लिसाने पंचवीस जणींना बाद केले, तरीही एका फटक्याने सामना गेला. त्या हारेनंतर तोच संघ उठला, लिसानेच अंतिम सामन्यात चेंडू हातात घेतला आणि जपानला हरवून सुवर्ण नेले. हरल्यावर काय करायचे हे पुस्तकात वाचून येत नाही. ते मैदानात शिकावे लागते.

नताशा वॉटली : पहिली

आता त्या मुलीकडे येऊ, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. नताशा वॉटली, १९८१ सालचा जन्म. जॅकी रॉबिन्सनच्या समाजातली आणि त्याच्याच कॉलेजची. तिने सॉफ्टबॉल सुरू केला तेव्हा मैदानावर तिच्या रंगाच्या मुली शोधाव्या लागत. २००० ते २००३ ती यूसीएलएकडून खेळली. जागा शॉर्टस्टॉपची, म्हणजे जिथे सर्वांत जास्त आणि सर्वांत वेगाने चेंडू येतो ती जागा.

तिची फटका मारण्याची रीत पाहण्यासारखी होती. ती डाव्या बाजूला उभी राही, कारण तिथून पहिला बेस जवळ पडतो. चेंडू यायच्या आतच पाय उचलायची, पळता पळता चेंडूला टपली मारायची, आणि समोरच्यांनी चेंडू उचलून फेकेपर्यंत ही बेसवर पोचलेली असे. ताकदवान खेळाडूंच्या खेळात तिने पायांवर आणि डोक्यावर नाव काढले. चार वर्षांत शंभरातून पंचेचाळीस वेळा तिचा फटका यशस्वी ठरला. चारही वर्षे देशाच्या निवडक खेळाडूंत तिचे नाव आले. २००३ ला संघ विजेता झाला आणि होंडा-ब्रॉडरिक चषकही तिला मिळाला.

२००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सॉफ्टबॉल संघातून खेळणारी ती पहिली काळी मुलगी ठरली. त्या संघाने सगळी स्पर्धा मिळून ५१ धावा केल्या आणि फक्त एक धाव दिली. नताशाच्या गळ्यात सुवर्णपदक पडले. २००८ ला बीजिंगमध्ये रौप्य मिळाले.

वाचकहो, जॅकीने दार उघडले १९४७ साली आणि त्याच समाजाची लेक सॉफ्टबॉलच्या ऑलिंपिक संघात पोचली २००४ साली. मध्ये सत्तावन्न वर्षे गेली. समाज पुढे गेला म्हणजे समाजातली बाई आपोआप पुढे जाते, असे होत नाही. तिच्यासाठी वेगळे दार उघडावे लागते.

नताशा मोठी झाली आणि जपानमध्ये जाऊन व्यावसायिक खेळलीसुद्धा. पण तिने मागे वळून पाहिले. अमेरिकेत या खेळाचे खाजगी क्लब महाग असतात. मुलीला गावोगाव स्पर्धांना न्यायचे, साहित्य घ्यायचे, शिकवणी लावायची म्हणजे गरीब घराला परवडत नाही. म्हणून तिने स्वतःच्या नावाने संस्था काढून लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलींना हा खेळ शिकवायला सुरुवात केली. 'समाजाचे देणे' हा शब्द आपल्याकडे भाषणांत फार येतो. नताशाने तो मैदानावर आणला.

एकीने दुसरीला हात द्यावा

या कॉलेजचे खरे मर्म चषकांत नाही. बॅकसबाईंनी स्यू एन्क्विस्टला घडवले. स्यूच्या हाताखाली केली इनोये-पेरेझ खेळली आणि २००७ पासून तिने संघ हाती घेतला. खेळाडू, सहायक प्रशिक्षक आणि मुख्य प्रशिक्षक अशा तिन्ही नात्यांनी तिने विजेतेपद पाहिले. लिसा फर्नांडिसही प्रशिक्षक म्हणून आपल्या कॉलेजात परत आली. २०१९ च्या विजेत्या संघातली रेचेल गार्सिया यांच्याच हाताखाली तयार झाली. त्या वर्षी उपांत्य सामन्यात ती दहा डाव एकटी चेंडू टाकत राहिली, सोळा जणींना बाद केले, आणि शेवटी स्वतःच होमरन मारून सामना जिंकला. शिकलेलीने मागच्या दोघींना वर ओढले की परंपरा तयार होते. एकटी वर जाऊन विसरली तर फक्त एक फोटो भिंतीवर राहतो.

एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. १९९५ चे विजेतेपदही या संघाने जिंकले होते, पण ठरल्यापेक्षा जास्त खेळाडूंना शिष्यवृत्त्या दिल्याचे उघड झाले आणि ते विजेतेपद काढून घेण्यात आले. म्हणून वरच्या तेरांत ते मोजलेले नाही. नियम मोडून मिळवलेला चषक कपाटात राहत नाही. आपल्या राज्यातही खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे बाहेर आली आहेत. प्रमाणपत्र विकत देतो म्हणणारा कुणी दारी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. घाम गाळलेल्या खऱ्या पोरीची जागा तो विकत असतो.

आपल्याकडचे दाखले

आपल्या समाजाला मैदानाचा इतिहास नाही असे कुणी म्हणेल तर त्याला पालवणकर बाळूंचे नाव सांगावे. चर्मकार समाजातले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या नोकरीला होते. साहेबांना सरावासाठी त्यांनी तासन्‌तास चेंडू टाकले. हिंदूंच्या संघात घेतल्यावरही चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. तेच बाळू १९११ साली भारतीय संघातून इंग्लंडला गेले आणि शंभराहून अधिक बळी घेऊन आले. त्यांना कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले.

आणि मुलींचे म्हणाल तर मराठवाड्याच्याच लेकी पाहा. धाराशिवची सारिका काळे हलाखीतून वर आली. तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्ण जिंकले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती शासनात क्रीडा अधिकारी झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. "उपयोग काय?" या प्रश्नाचे हे आपल्या मातीतले उत्तर आहे.

आता काम काय?

मोठ्या गोष्टी सांगून लेख संपवणे सोपे असते. वस्तीत काम करताना आम्ही पाहतो की मुलगी आठवी-नववीत गेली की तिचे खेळणे बंद होते. कारणे नेहमीचीच असतात. संध्याकाळी अंधार पडतो, पँट घालून पळताना लोक बघतात, घरी पाणी भरायचे असते, धाकट्याला सांभाळायचे असते. त्याच वयाचा भाऊ मात्र दिवेलागणीपर्यंत मैदानात असतो! घरातला हा भेद आपणच केलेला आहे, आणि तो मोडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. म्हणून थोड्या साध्या गोष्टी सुचवतो.

कॉलेजात प्रवेश घेताना फीच्या पावतीवर खेळाच्या नावाने रक्कम लावलेली असते का ते वाचा. ती भरली असेल तर मैदान, साहित्य आणि संघनिवड यांची विचारणा करणे हा तुमच्या मुलीचा हक्क आहे. क्रीडा शिक्षकांना भेटा, निवड चाचणी कधी आहे ते विचारा. वस्तीतल्या चार-पाच मुली मिळून सरावाला जाऊ द्या, म्हणजे येण्याजाण्याची काळजी निम्मी होते. आळीपाळीने एखाद्या ताईने वा आईने सोबत जावे. सॉफ्टबॉलचे साहित्य प्रत्येकीला वेगळे घ्यावे लागत नाही. एक बॅट आणि थोडे ग्लोव्हज यांवर अख्खा संघ सराव करू शकतो. आपली मंडळे जयंतीला वर्गणी काढतातच. त्यातला थोडा भाग मुलींच्या खेळासाठी ठेवला तर जयंतीचा मान वाढेलच.

महाराष्ट्र शासनाने खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखलेल्या आहेत, आणि दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात. कोणता खेळ, कोणत्या पातळीची स्पर्धा आणि कोणते प्रमाणपत्र चालते याचे नियम वेळोवेळी बदलतात. तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात समक्ष विचारावे आणि प्रत्येक स्पर्धेची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत.

पण नोकरी मिळाली तरच खेळ कामाचा, असेही आम्ही मानत नाही. मैदानात उतरलेली मुलगी पडते, उठते, हरते, पुन्हा उभी राहते, मोठ्याने ओरडून "माझा बॉल!" म्हणते. ज्या समाजाला शतकानुशतके हळू बोलायला, बाजूला सरायला शिकवले, त्या समाजाच्या लेकीने भर मैदानात जागा अडवून उभे राहणे हीच मोठी कमाई आहे.

२०२८ च्या ऑलिंपिकचे यजमानपद लॉस एंजेलिसकडे आहे आणि त्यात सॉफ्टबॉल पुन्हा असणार आहे. त्या वेळी टीव्हीवर हा खेळ दिसला तर घरातल्या मुलींना सोबत बसवा आणि त्यांना डॉटची, लिसाची, नताशाची गोष्ट सांगा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात पाण्याची घागर देण्याआधी तिला एवढेच विचारा, "पोरी, सरावाला किती वाजता जायचंय?"

जयभीम!